ठेवणीतला स्विच

आमच्या सचिवांनी मीटिंगच्या टेबलावर शब्दकोश आणून ठेवला, तेव्हाच मी ओळखलं, आज काही खरं नाही.

मी डोंबिवलीतल्या एका धर्मादाय संस्थेच्या रक्तपेढीत संगणकाचं सगळं बघते. सगळं म्हणजे सगळं. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मीच काढते, अध्यक्षांच्या नातवाचे फोटो मोठे करून मीच देते, आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत जो रॅक आहे, म्हणजे सर्व्हर ठेवायचा लोखंडी सांगाडा, त्याची आईसुद्धा मीच. त्या रॅकमध्ये दोन सर्व्हर आहेत. एक बंद पडला तर दुसऱ्याने काम उचलावं म्हणून दोन. पण दोघांच्याही वायरी जायच्या एकाच स्विचमध्ये. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, हे मला दर मीटिंगला सांगावं लागतं. खालच्या मजल्यावरचे सगळे संगणक आणि वरचे सर्व्हर यांची ज्या डब्यात गाठ पडते तो डबा म्हणजे स्विच. तो बसला की दोन्ही सर्व्हर ठणठणीत असूनही कुणाच्या उपयोगाचे नाहीत. घराला दोन दारं ठेवायची आणि दोन्ही दारांपुढे एकच जिना बांधायचा, तसला प्रकार होता तो.

दुसऱ्या स्विचचं टुमणं मुळात माझं नव्हतंच. ते ताईंचं. ताई म्हणजे आमच्या सर्वात जुन्या टेक्निशियन, रक्ताच्या पिशव्या जिथून बाहेर जातात त्या खिडकीच्या. खिडकीवर कायम दोघी असायच्या, ताई आणि एक धाकटी टेक्निशियन. पिशवी बाहेर देताना एकीने लेबल मोठ्याने वाचायचं आणि दुसरीने संगणकावर ताडून बघायचं, ही ताईंनी घालून दिलेली पद्धत. “दोघींची नजर फिरल्याशिवाय माझ्या खिडकीतून पिशवी जाणार नाही,” असं त्या सांगायच्या आणि कुणाचं ऐकायच्या नाहीत. एकदा त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “अगं, तुझा तो डबा बसला तर माझी खिडकी बसली. ते आधी बघ. बाकी काय ते तुझं तू कर.”

मग मी बघितलं. कोपरच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागे चित्रं काढत बसले. रस्ते तीन होते. एक, दुसरा स्विच आणून नुसता बाजूला ठेवायचा आणि पहिला गेला की बदलायचा. हा रस्ता मी पहिल्या फटक्यात खोडला. दोन, दोन स्विच एकमेकांना असे जोडायचे की ते एकच होऊन जातात. दिसायला हे फार छान, पण मग डोकंही एकच होतं, आणि डोकं फिरलं की दोन्ही धडं एकदम आडवी. तीन, दोन स्विच स्वतंत्र ठेवायचे. प्रत्येक सर्व्हरला दोन वायरी, एक या स्विचला, एक त्या स्विचला. खिडकीवरच्या दोन संगणकांपैकी एक इकडे, एक तिकडे. दोन्ही स्विचना वेगवेगळ्या ठिकाणची वीज. दोघंही रात्रंदिवस चालू. एक मेला तर दुसऱ्याने हू की चू न करता सगळं सांभाळायचं. मी तिसरा निवडला, आणि या निवडीबद्दल मला आजही काडीची शंका नाही.

प्रस्तावावर मी लिहिलं होतं ‘रिडंडंट स्विच’. आणि सचिवांनी शब्दकोश आणला होता.

सचिव हे एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. माणूस सरळ, संस्थेचा चहासुद्धा स्वतःच्या घरून थर्मासमध्ये आणतात. त्यांनी चष्मा पुसला, पान काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, “रिडंडंट. अनावश्यक. फाजील. गरजेपेक्षा जास्त.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “अहो मॅडम, तुम्हीच लिहून दिलंय की हा अनावश्यक आहे. मग आम्ही मंजूर तरी कसा करावा?”

सगळी कमिटी हसली. मला हसू येत नव्हतं. मी म्हटलं, “सर, कोपरचा पूल दुरुस्तीला बंद होता तेव्हा पूर्वेहून पश्चिमेला यायला तुम्हाला काय यातायात करावी लागायची, आठवतंय?” हे सगळ्यांना आठवत होतं. प्रत्येकाने आपापली हकिकत सांगितली, कोण कुठे अडकलं, कुणाची बायको रिक्षातून उतरून चालत गेली. पंधरावीस मिनिटं पुलावर गेली. शेवटी सचिव म्हणाले, “म्हणजे तुम्हाला राखीव स्विच हवाय. मग असं मराठीत सांगा की!” आणि त्यांनी स्वतःच्या हाताने रिडंडंट खोडून राखीव लिहिलं. स्विच मंजूर झाला. मी खाली जाऊन ताईंना सांगितलं, आणि आम्ही दोघींनी समोरच्या गाडीवर वडापाव खाल्ला.

खोका आला. सचिवांनी नारळ फोडला, खोक्यावर कुंकवाने स्वस्तिक काढलं, आणि मी स्क्रू ड्रायव्हर आणायला वळले तेवढ्यात तो खोका त्यांनी ऑफिसातल्या स्टीलच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली खिशात.

मी विचारलं, “सर, लावायचा नाही का?”

“लावायचा ना. पहिला बिघडला की.”

“पण दोन्ही चालू असायला हवेत, सर. तोच तर मुद्दा आहे.”

“अहो, राखीव आहे ना तो? नवी कोरी वस्तू वापरून जुनी कशाला करायची? ठेवणीतला असू दे.”

ठेवणीतला! या एका शब्दापुढे माझ्या लग्नपत्रिकेवरच्या चित्रांचं काही चाललं नाही. आपल्याकडे या शब्दाला फार मान आहे. ठेवणीतली साडी, ठेवणीतलं ताट, ठेवणीतली चादर, पाहुणा आला की काढायची आणि पाहुणा कधी त्या लायकीचा येतच नाही. माझ्या आईने लग्नात मिळालेला दुसरा कुकर माळ्यावर ठेवला होता. पहिल्या कुकरने ऐन सणाला मान टाकली तेव्हा तो मोठ्या थाटात खाली काढला, तर त्याची रबरी रिंग दगडासारखी झालेली आणि शिट्टी बसेचना. न वापरलेली वस्तू नवी राहत नाही, ती नुसती जुनी होते आणि आपल्याला कळत नाही. हे मी सचिवांना कुकरसकट सांगितलं. ते म्हणाले, “माझा मोबाइल बघा.” त्यांचा मोबाइल रबरबँडने बांधलेला होता. मुलाने दिलेला नवा त्यांच्या घरी खोक्यात होता. अशा माणसापुढे काय बोलणार? पालथ्या घड्यावर पाणी.

मी बोलत मात्र राहिले. मीटिंगमध्ये बोलले, जिन्यात बोलले, हळदीकुंकवाला सचिवांच्या पत्नी भेटल्या तेव्हा त्यांच्याशीही बोलले. त्या म्हणाल्या, “अगं, मला लग्नातल्या चांदीच्या वाट्या अजून दिसल्या नाहीत, तू स्विचचं काय घेऊन बसलीस!” दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. रक्त ठेवायचे फ्रीज, तपासणीची यंत्रं, माझे सर्व्हर, सगळ्यांना झेंडूची माळ. त्या दिवशी कपाट उघडलं जायचं, खोका बाहेर यायचा, त्याला हळदकुंकू आणि माळ, आणि पुन्हा आत. वर्षातून एवढंच काय ते त्याला ऊन दिसायचं. चालू स्विच रॅकमध्ये धूळ खात राबत होता आणि हा कपाटात बसून प्रसाद खात होता.

शिमग्याच्या दिवसांत तो राबणारा स्विच बसला. बाहेर उकाडा, आणि वीज वाचवायची म्हणून रॅकच्या खोलीतला एसी दुपारपर्यंत लावायचा नाही असा सचिवांचा नियम. दुपारच्या जेवणाच्या आधी खालून एकदम आरडाओरडा ऐकू आला. सगळ्या संगणकांचे पडदे गोठलेले. मी वर धावले. स्विचवरचा एकही दिवा लागत नव्हता आणि जळल्याचा वास येत होता.

सचिव पालखीसाठी कोकणात गावी गेले होते. किल्ली त्यांच्या खिशात. विसरून नाही, पद्धतच ती. फोन लावला तर रेंज नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, आणि आमचा बंब तर कुलपात. शेवटी किल्लीवाला बोलावला. त्याने कपाट उघडलं, मी माळेच्या सुकलेल्या पाकळ्या झटकून खोका उघडला, आणि आत वीज द्यायची वायरच नव्हती. ती सचिवांच्या संगणकाच्या स्क्रीनला लावलेली निघाली. “तशी पडूनच होती,” असं ते नंतर म्हणाले. ती ओढून आणली. स्विच चालू झाला, पण कोराच. जुन्याची सगळी सेटिंग माझ्या लॅपटॉपवर होती, ती या पठ्ठ्याला समजेना, कारण त्याच्यातलं सॉफ्टवेअर खोक्यात बसून शिळं झालं होतं. ते आधी नवं करा, मग सेटिंग घाला, मग एकेक वायर ओळखून बसवा. हा डबा पहिल्या दिवसापासून रॅकमध्ये चालू असता तर त्या दुपारी कुणाच्या काही लक्षातसुद्धा आलं नसतं!

आणि खाली ताईंच्या खिडकीवर एक माणूस थर्माकोलचा डबा घेऊन उभा होता. त्याची बायको कल्याणच्या एका नर्सिंग होममध्ये बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. तिच्या रक्ताशी जुळवलेली पिशवी सकाळीच तयार होती, पण जुळवणीचा निकाल सर्व्हरमध्ये आणि लेबल छापायचं तेही सर्व्हरमधून. तो माणूस ओरडत होता, “ती समोर फ्रीजमध्ये दिसतेय ना पिशवी, देऊन टाका ना! माझी बायको मरेल तिकडे!” त्याचं काय चुकलं? मी असते तर मीही ओरडले असते.

ताईंनी पिशवी दिली नाही. त्यांनी सकाळी आलेला त्या बाईच्या रक्ताचा नमुना फ्रीजमधून पुन्हा बाहेर काढला, नळीत हाताने जुळवणी पुन्हा केली, लेबल हाताने लिहिलं, धाकटीकडून मोठ्याने वाचून घेतलं, आणि मगच पिशवी त्या माणसाच्या डब्यात ठेवली. त्या तपासणीला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. तो माणूस धावत गेला. संध्याकाळी नर्सिंग होममधून फोन आला, बाई वाचली. ताई तेव्हा खुर्चीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, “अगं, मी तुला सांगितलेलं ना, तुझा डबा बसला तर माझी खिडकी बसेल.” मला तोंड वर करून बघवेना, कारण डबा माझा होता आणि किल्ली माझी नव्हती.

मग तक्रार आली. साहजिकच आली. नातेवाइकांना स्विच माहीत नव्हता, त्यांना खिडकीतल्या बाई माहीत होत्या. कमिटी बसली. मी सगळं सांगितलं, कपाट, किल्ली, वायर, सगळं. सचिवांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “यंत्र आहे, बिघडायचंच. पण माणसाने वेळकाळ ओळखायला नको? पिशवी समोर दिसत होती.” म्हणजे ताईंनी न ताडता द्यायला हवी होती! जिने त्या दिवशी संस्थेची अब्रू आणि एका बाईचा जीव दोन्ही राखलं, तिच्यावर ठपका. चोर सोडून संन्याशाला फाशी! ताईंची बदली बाळकुमच्या आमच्या छोट्या केंद्रात झाली. तिथे नुसते नमुने गोळा करतात. कल्याणला राहणारी बाई, आता रोज ठाणं गाठायचं, माजिवड्याच्या सिग्नलला ताटकळायचं, आणि करायचं काय, तर नळ्यांना नंबर चिकटवायचे. जाताना त्यांनी धाकटीला तेवढं सांगितलं, “मोठ्याने वाचत जा. कुणी ऐकत नसलं तरी.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती तिथेच राहिली. कमिटी मात्र एवढी घाबरली होती की आणखी एक स्विच लगेच मंजूर झाला. सचिव एका लग्नाला गेले होते त्या दिवशी खोका आला. नारळ नाही, स्वस्तिक नाही, मी थेट रॅकमध्ये चढवला. दोन स्विच, दोन ठिकाणची वीज, प्रत्येक सर्व्हरच्या दोन वायरी दोन दिशांना, अगदी त्या लग्नपत्रिकेवर होतं तस्संच. परवानगी कुणाची घेतली नाही.

पुढच्या मीटिंगला मी सर्वांना सांगायचं ठरवलं. नुसतं सांगायचं नाही, दाखवायचं. मीटिंगआधी वर जाऊन मी एका स्विचची वीज काढून टाकली आणि खाली येऊन गुपचूप बसले. सचिवांचा थर्मासचा चहा फिरला. अध्यक्षांनी पडद्यावर हिशेब दाखवले. खिडकीचं काम चालू होतं, लेबलं छापली जात होती. सगळं झाल्यावर मी उभी राहिले आणि म्हटलं, “एक स्विच मी मीटिंग सुरू व्हायच्या आधीच बंद केलाय. कुणाला काही कळलं?”

कुणाला काही कळलं नव्हतं. अध्यक्षांनी मान डोलावली. मला वाटलं, झालं. आता समजलं यांना. आता ताईंचा विषय काढते. मी तोंड उघडणार तेवढ्यात सचिवांचा चेहरा आनंदाने फुलला.

“म्हणजे एकावर चालतंय की!” ते म्हणाले. “मग तो दुसरा काढून कपाटात ठेवा.”

आणि कमिटीने माना डोलावल्या. सगळ्यांनी! मी काय करू? तिथे टेबलावर डोकं आपटून घ्यायचं बाकी होतं. ताईंचा विषय काढला तर ते म्हणाले, “अहो, त्यांच्याशिवायही खिडकी व्यवस्थित चाललीय. कुणाची तक्रार आलीय का?”

मी वर गेले. नव्या स्विचचा खोका तिथेच पडला होता. त्यात मी जुना, जळलेला स्विच भरला. थर्माकोल दाबून बसवलं, टेप लावली, खाली आणून सचिवांच्या समोर कपाटात ठेवला. त्यांनी तो हातात घेऊन वजन बघितलं, समाधानाने कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. वर रॅकमध्ये दोन्ही स्विच चालूच आहेत. ते बघायला वर कुणी जिना चढत नाही.

यंदाच्या दसऱ्याला कपाट उघडलं. खोक्यावर सचिवांनी स्वतः स्वस्तिक काढलं, जाडजूड माळ घातली, आणि मला जवळ बोलावून म्हणाले, “बघा मॅडम, कसा नव्यासारखा ठेवलाय.” मी हात जोडले.

संध्याकाळी ताईंना सोनं द्यायला त्यांच्या घरी कल्याणला गेले. आपट्याची पानं त्यांच्या हातात ठेवली आणि सगळं सांगितलं. त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. “मेलेल्याला हार घातला?” म्हणाल्या. “अगं बाई गं!” मग पदराने डोळे पुसत त्यांनी विचारलं, “आणि माझ्या खिडकीवर कोण असतं आता?”

“धाकटीच.”

“एकटी?”

“एकटी. स्वतःच वाचते, स्वतःच ताडते. एकावर चालतंय की, म्हणतात.”

ताईंचं हसू गेलं. हातातली पानं त्यांनी टीपॉयवर ठेवली. “आणि चुकून तिने चुकीचं वाचलं तर? एखाद दिवशी तिला तापच आला तर?”

“मग तुम्हाला कपाटातून काढतील, ताई,” मी म्हणाले. “किल्ली सापडली तर.”